आजी पडली तेव्हा तो हसला: माया, मनकवडेपणा आणि लोकलचं टाइमटेबल

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मी काय धरून बोलतेय ते कळावं म्हणून आधी थोडक्यात परत लिहिते. मुलगा साडेसात वर्षांचा, ऑटिझमचं निदान चौथ्या वर्षी झालंय, बोलतो चांगलं. राहता डोंबिवलीला, आणि पोराला सेंट्रल लाइनची स्टेशनं कल्याणपासून सीएसएमटीपर्यंत सुलट उलट पाठ, कुठली फास्ट कुठे थांबते तेही. धाकटी मुलगी पाच वर्षांची, तिला ऑटिझम नाही. गेल्या महिन्यात आजी बाथरूमच्या दारात घसरून पडल्या, मुलगी रडत पळत गेली आणि मुलगा हसला, वर चार वेळा म्हणाला "आजी धप्प झाली". त्यातच सेंटरवर तुमच्याकडून एक फॉर्म भरून घेतला, त्यात एम्पथी लो, सिस्टिमायझिंग (म्हणजे नियम शोधायची ओढ) हाय असं आलं. तेव्हापासून तुमच्या डोक्यात एकच घोळतंय की ह्याला माया नाहीच का, आणि मोठेपणी हा कसा होणार. आणि अगदी शेवटी, जाता जाता, तुम्ही लिहिलंय की पडल्यापासून त्याला नवीनच खूळ लागलंय, दर अर्ध्या तासाने बाथरूमपाशी जाऊन फरशी ओली आहे का बघतो आणि ओली दिसली की घर डोक्यावर घेतो.

ते शेवटचं वाक्य जपून ठेवा, मी परत तिथे येणारे.

मी एकोणीस वर्षं ह्या मुलांबरोबर काम करतेय आणि "ह्याला माया नाही का" हा प्रश्न मला दर महिन्याला कोणीतरी विचारतंच, बहुतेक वेळा आई, आणि बहुतेक वेळा दाराच्या मुठीवर हात ठेवून, म्हणजे फी देऊन झाल्यावर. म्हणून नीट उत्तर देते, जरा लांबेल.

पहिला घोळ शब्दाचा आहे. एम्पथी ह्या एका शब्दात दोन वेगवेगळ्या गोष्टी कोंबल्यात. आपल्याकडे पुस्तकी भाषेत समानुभूती, सहवेदना वगैरे म्हणतात, पण घरातल्या बोलण्यात ह्या दोन गोष्टींना आधीपासूनच दोन वेगळे शब्द आहेत. एक मनकवडेपणा, म्हणजे समोरच्याच्या मनात काय चाललंय ते न सांगता ओळखणं. दुसरा कळवळा, म्हणजे समोरच्याला दुखलं की आपल्या पोटात कालवणं. दोन्ही एका माणसात असतीलच असं नाही. पक्का ठग मनकवडा असतो, त्याशिवाय फसवणार कसा, पण कळवळा शून्य. आणि उलटही असतं, कळवळा भरपूर पण समोरच्याचं नक्की काय बिनसलंय ते ओळखताच येत नाही.

ऑटिझम असलेल्या मुलांची अडचण मुख्यतः मनकवडेपणात असते. कळवळा कमी असतो हे तितकं खरं नाही, आणि काही मुलांत तर तो इतका जास्त असतो की त्यांना तो झेपत नाही.

ह्यावरचा सगळ्यात गाजलेला प्रयोग 1985 सालचा, सायमन बॅरन-कोहेन, अ‍ॅलन लेस्ली आणि उटा फ्रिथ ह्या मानसशास्त्रज्ञांचा. दोन बाहुल्या, सॅली आणि अ‍ॅन. सॅली आपली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते, तेवढ्यात अ‍ॅन ती काढून खोक्यात ठेवते. सॅली परत आल्यावर गोटी कुठे शोधेल? साध्या, म्हणजे ऑटिझम वगैरे नसलेल्या, 27 लहान मुलांपैकी साधारण 85 टक्के मुलांनी बरोबर सांगितलं, टोपलीत. डाउन सिंड्रोमच्या 14 मुलांचंही तसंच, 86 टक्के. ऑटिझमच्या 20 मुलांपैकी 16 जणांनी खोक्याकडे बोट दाखवलं, म्हणजे गोटी खरंच जिथे होती तिथे. मी हाच प्रकार दोन डबे आणि एक बेसनाचा लाडू घेऊन करते, गोटीपेक्षा लाडवात जीव जास्त अडकतो. साधारण चार वर्षांची साधी मुलं "तिला माहितीच नाही ना!" असं ओरडतात, त्यांना त्यात मजाच वाटते.

आता ह्यात दोन गोष्टी कोणी सांगत नाही. एक, वीसपैकी चार मुलं बरोबर होती, म्हणजे "ऑटिझम असला की दुसऱ्याचं मन कळतच नाही" असं ते 1985 मध्येसुद्धा नव्हतं, आणि पुढे वय आणि भाषा वाढली की आणखी बरीच मुलं हे सोडवतात, फक्त विचार करून, गणित सोडवल्यासारखं, आपोआप नाही. दोन, ह्या प्रयोगात कळवळ्याचा प्रश्नच नव्हता. सॅलीला गोटी मिळाली नाही तर तुला वाईट वाटेल का असं कोणी विचारलंच नव्हतं. पण मनकवडेपणात नापास म्हणजे कळवळ्यातही नापास असा अर्थ लोकांनी परस्पर काढला, आणि ती वदंता चाळीस वर्षं झाली तरी सुटत नाहीये.

तुमची मोठेपणाची जी भीती आहे ना, ताई, त्यावर 2010 सालचा एक अभ्यास सांगते. 9 ते 16 वर्षांच्या मुलग्यांवर होता. एका गटात निगरगट्ट, दुसऱ्याला त्रास देऊन काहीच न वाटणारी मुलं होती आणि एका गटात ऑटिझमची. दोन्ही गट एकमेकांच्या उलट निघाले. निगरगट्ट मुलांना समोरच्याच्या मनातलं बरोबर कळत होतं पण त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं, ऑटिझमच्या मुलांना कळायला जड जात होतं पण वाटत मात्र होतं. तुमचा मुलगा आजी पडल्यावर हसला ते बघून तुमच्या मनात जे आलं (आणि तुमच्या नणंदबाईंनी बोलूनही दाखवलं), त्याला काही आधार नाही.

मग हसला का? मी तिथे नव्हते, त्यामुळे छातीठोक सांगणार नाही, पण अशी दृश्यं बरीच पाहिलीत. धप्प आवाज अचानक आला, आजीच्या तोंडून कधी न ऐकलेला आवाज आला, बहीण रडली, तुम्ही ओरडलात, हे सगळं दोन सेकंदांत. ह्या मुलांचा मेंदू एवढा माल एकदम उतरवून घेऊ शकत नाही आणि मग जे बाहेर पडतं ते हसू असतं, कधी टाळ्या असतात, कधी कानावर हात ठेवून पळून जाणं असतं. तेच वाक्य चार वेळा म्हणणं हे पण मला चेष्टा वाटत नाही, बरेचदा ते घडलेलं जागेवर बसवण्याचा प्रयत्न असतो. आपण मोठी माणसंसुद्धा मयताला जाऊन नको तिथे हसतोच की, फक्त आपल्याला पदर तोंडाला लावायचं भान असतं.

आता तो फॉर्म. तो बहुधा लहान मुलांसाठीचा ईक्यू-एसक्यू असणार, म्हणजे एम्पथी आणि सिस्टिमायझिंग मोजणारा, 55 वाक्यं असतात, आईवडिलांनी भरायचा, 4 ते 11 वयासाठी. तो 2009 मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या लोकांनी 1256 साध्या आणि ऑटिझमच्या 265 मुलांवर वापरला. साध्या मुलांत मुलींचा एम्पथी स्कोअर मुलग्यांपेक्षा सरासरीने जास्त आला, सिस्टिमचा मुलग्यांचा जास्त. ऑटिझमच्या मुलांचा, मुलगा असो की मुलगी, एम्पथी स्कोअर साध्या मुलग्यांपेक्षाही खाली आणि सिस्टिमचा त्यांच्याही वर. ह्याच धर्तीच्या निष्कर्षांवरून बॅरन-कोहेननी ऑटिझम म्हणजे "टोकाचा पुरुषी मेंदू" असं म्हटलंय. मला ते नाव आवडत नाही, स्पष्टच सांगते. एक तर सरासरी म्हणजे सरासरी, मुलग्यांचे आणि मुलींचे आलेख एकमेकांवर भरपूर चढलेले असतात. दुसरं म्हणजे अशा नावांमुळे ऑटिझमच्या मुली निसटतात, वर्गात गप्प बसून दुसऱ्या मुलींची नक्कल करत दिवस काढणारी पोरगी कोणाच्या डोळ्यावर येत नाही आणि मग बारा-तेराव्या वर्षी चिंता, डिप्रेशन घेऊन येते.

आणि भरणारं कोण? आई. आईला दिसतं ते वागणं, आत काय वाटलं ते दिसत नाही. "दुसऱ्याला लागलं तर लगेच लक्षात येतं का" ह्याला तुम्ही नाही लिहिणार, बरोबरच आहे, पण तो "नाही" मनकवडेपणाला आहे, कळवळ्याला नाही, आणि बेरीज करताना दोन्ही एकाच पारड्यात पडतं. त्यात तुम्ही हा फॉर्म आजी पडल्याच्या आठवड्यात भरलाय, आणि तुलनेला घरात धाकटी आहे, जी मुळातच बोलघेवडी, लाघवी. ती तुलना त्याच्यावर अन्याय करणारी आहे. हा फॉर्म निदान करायला नाही, आपल्याकडे अपंगत्वाच्या सर्टिफिकेटसाठी वापरतात ती 40 मुद्द्यांची इसा स्केल वेगळी. ह्या फॉर्मचा आकडा फ्रीजवर लावून ठेवू नका.

सिस्टिमायझिंगबद्दल मात्र फॉर्म बरोबर सांगतोय असं तुमच्या वर्णनावरून वाटतं. सिस्टिमायझिंग म्हणजे नियम शोधणं: हे असेल, आणि असं केलं, तर तसं होईल. टाइमटेबल, पंखा, पाढे, कॅलेंडर, नात्यांची वंशावळ, सगळ्या सिस्टिम. आणि ही हुशार, बोलणाऱ्या मुलांचीच मक्तेदारी आहे असं नका समजू, माझ्याकडे एक मुलगा येतो त्याला शब्द एकही नाही पण कुकरच्या शिट्ट्या मोजतो, तीन झाल्या की स्वतः जाऊन आईचा हात ओढतो आणि चौथी झाली तर भिंतीवर डोकं आपटतो. मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनरने 1943 मध्ये पहिल्यांदा अकरा मुलांचं वर्णन लिहिलं तेव्हाच सगळं तसंच्या तसं राहण्याचा हट्ट त्याच्या नजरेत भरला होता. माणसं ही सगळ्यात वाईट सिस्टिम आहे हे त्यामागचं कारण मला वाटतं. तेच बटण दाबलं की पंखा दरवेळी लागतो, पण तीच गोष्ट बोललं की आई सोमवारी हसते आणि गुरुवारी ओरडते. मग मूल पंख्याकडे जातं.

साधी मुलंही सिस्टिम लावतातच बरं का, फक्त आपलं लक्ष जात नाही. तुमची धाकटी अजूनमधून "मी करलं" म्हणत असेल. तुमच्या घरात कोणी मोठं असं बोलत नाही, म्हणजे ऐकून नाही आलेलं, "धरलं, भरलं" वरून तिने स्वतः नियम काढला आणि "केलं" वर लावला. आणि त्यांची एम्पथीसुद्धा टप्प्याटप्प्यानेच येते. 1997 चा एक मजेशीर प्रयोग आहे, मोठ्या बाईने मुलासमोर बिस्किटं खाऊन तोंड वाकडं केलं आणि ब्रोकोली खाऊन "अहाहा" केलं, मग हात पुढे करून म्हणाली, दे मला थोडं. 14 महिन्यांच्या मुलांनी बिस्किटं दिली, कारण त्यांना स्वतःला ती आवडत होती. 18 महिन्यांच्यांनी ब्रोकोली दिली. माझ्या स्वतःच्या लेकीने मी तापाने पडले होते तेव्हा मला आपली चोखून चोखून ओली केलेली गोधडी आणून दिली होती, कळवळा पूर्ण, मनकवडेपणा शून्य, पण तिला कोणी माया नाही म्हणालं नाही. तिची चूक गोड ठरली. तुमच्या मुलाची चूक साडेसात वर्षांच्या अंगात आहे म्हणून ती भीतीदायक दिसते, एवढाच फरक.

आणखी एक बाजू आहे, ती आपल्याला जरा झोंबते. डेमियन मिल्टन हा स्वतः ऑटिस्टिक असलेला समाजशास्त्रज्ञ, त्याने 2012 मध्ये विचारलं की न समजण्याचा दोष एकाच बाजूचा कसा? आम्हाला तुम्ही कळत नाही, कबूल, पण तुम्हाला तरी आम्ही कुठे कळतो? पुढे 2020 मध्ये एडिंबरामध्ये 72 मोठ्या माणसांचा आपल्या कानगोष्टींसारखा प्रयोग झाला, आठ-आठ जणांची साखळी करून एक गोष्ट पुढे पुढे सांगायची. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळ्यांत गोष्ट जेवढी टिकली तेवढीच सगळे बिगर-ऑटिस्टिक असलेल्यांत टिकली, मिसळ केली तिथे जास्त गळाली. नंतर आणखी मोठ्या प्रमाणावर केलं तेव्हा मिसळीचा तोटा दिसला नाही, पण ऑटिस्टिक साखळ्या मागे पडत नाहीत हे परत दिसलं. म्हणून पुढच्या वेळी "त्याला कळत नाही" म्हणताना अर्धी तक्रार आपल्या स्वतःकडेही ठेवायची.

आता करायचं काय. मी मुलाची सिस्टिम मोडायच्या मागे लागत नाही, सिस्टिमवरूनच जाते. केंब्रिजवाल्यांनीच ट्राम, केबल कार वगैरे ठरलेल्या रुळावरून धावणाऱ्या गाड्यांना खऱ्या माणसांचे चेहरे बसवून छोटे व्हिडिओ केले होते, 4 ते 7 वर्षांच्या ऑटिझमच्या मुलांनी ते चार आठवडे रोज बघितले आणि चेहऱ्यावरच्या भावना ओळखण्यात चांगली सुधारणा झाली, 2010 चा पेपर आहे. तुमच्याकडे तर लोकल आहे! माझ्याकडच्या एका अशाच रेल्वेवेड्या पोराच्या घरी आम्ही हॉलमध्ये इंडिकेटर लावला, पुठ्ठ्याचा. आईच्या नावापुढे लिहायचं: आई, 20 मिनिटं लेट, कारण ऑफिस. म्हणजे आई दमलीये, वीस मिनिटं तिच्याशी बोलायचं नाही. बाबा चिडले असतील तर मेगाब्लॉक, चार वाजेपर्यंत. त्या पोराला "बाबांचा मूड बघ ना जरा" हे तीन वर्षांत कळलं नव्हतं, मेगाब्लॉक एका रविवारात कळला. दोन-तीन महिन्यांनी तो स्वतः विचारायला लागला, "आई, कारण काय?" मला त्या प्रश्नासाठीच तो सगळा खटाटोप करायचा होता.

पण आधी तुमच्या मुलाचा स्वतःचा डबा इंडिकेटरवर लावा, बाकीच्यांचे नंतर. ऑटिझमच्या बऱ्याच मुलांना (सगळ्यांना नाही) स्वतःला काय होतंय तेच सांगता येत नाही, पोटात गोळा आलाय, हात गार पडलेत, पण ही भीती आहे हे नाव लागत नाही. ह्याला अ‍ॅलेक्सिथायमिया म्हणतात, आणि जे एम्पथीचं खापर ऑटिझमवर फोडलं जातं त्यातलं बरंच ह्याच्यामुळे असतं असं संशोधनात दिसलंय. ज्याला आपली भीती ओळखता येत नाही त्याला आजीची कशी ओळखता येणार. त्यामुळे "तुला वाईट वाटलं का" असं विचारू नका, "पोटात कसं झालं, हात गार की गरम" असं विचारा.

बहीणभावासाठी ठोकळ्यांचा खेळ चांगला आहे. डॅनियल लेगॉफ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 2004 मध्ये लेगोवर ह्याची पद्धत मांडली. एक जण इंजिनिअर, तो फक्त चित्र बघून सांगणार, दुसरा सप्लायर, तो ठोकळे काढून देणार, तिसरा बिल्डर. एकाचं दुसऱ्यावाचून अडतंच, त्यामुळे बोलावं लागतं, थांबावं लागतं. महागडा सेट आणायची गरज नाही. तिसरा भिडू म्हणून आजी बसू देत, पाय दुखत असला तरी हात चालतात ना.

डोळ्यात बघ, सॉरी म्हण, आजीला पापी दे, ह्या जबरदस्त्या बंद करा. त्याने फक्त आपल्याला बरं वाटतं. पडल्यावर काय करायचं ह्याचे नियम मात्र साफ शब्दांत द्या: कोणी पडलं की मी थांबतो, मी मोठ्या माणसाला हाक मारतो, मी विचारतो "लागलं का". तीन पायऱ्या, भिंतीवर. पाठांतर वाटेल, असू दे, आपणसुद्धा कोणाच्या घरी मयत झालं की काय बोलायचं ते पाठच केलेलं असतं.

आता ते फरशीचं खूळ. ताई, तुमची मुलगी रडली, दुसऱ्या दिवशी विसरली, आणि तिने तसंच करायला हवं, पाच वर्षांची आहे. हा पोरगा मात्र महिनाभर फरशी तपासतोय. आजी का पडली ह्याचं कारण घरातल्या एवढ्या माणसांत फक्त त्याने शोधलं, फरशी ओली आणि आजी चालली तर आजी पडते, आणि त्या सूत्रातली जी एक गोष्ट आपल्या हातात आहे ती तो धरून बसलाय. तुम्ही बाथरूमपाशी पायपुसणं टाकलं का हो, पडल्यानंतर? मी आपलं विचारतेय.

मी ह्याला उगाच माळ घालत नाहीये. असंही असेल की त्याला आजीचं काही नाही, फक्त नियम मोडला की सहन होत नाही. किंवा निव्वळ भीती असेल, ऑटिझमच्या मुलांत चिंता बरीच असते, आणि ह्यापायी झोप उडाली असेल, जेवण सोडून उठत असेल, तर डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियनना (मुलांच्या विकासाच्या डॉक्टरांना) लवकर दाखवा, थांबू नका. नाहीतर ते खूळ मोडू नका, त्याला वेळापत्रक द्या. दर अर्ध्या तासाने नाही, घरातल्या प्रत्येकाची आंघोळ झाली की एकदा. त्याच्या हातात कोरडं फडकं, तपासायचं, पुसायचं, वेळ लिहायची, सही. रात्री आजी झोपायच्या आधी शेवटची फेरी, शेवटच्या लोकलसारखी, त्यानंतर सकाळपर्यंत बंद. आणि आजींना सांगा की वहीवर रोज एकदा तुम्ही पण सही करा.

आणि एक प्रश्न त्याला विचाराच, पण समोर बसवून नाही, बाजूला बसून, तो ठोकळे लावत असताना: "फरशी ओली राहिली तर काय होईल?" मग गप्प बसा, दहा-पंधरा सेकंद, मध्ये सुचवू नका, त्याला वेळ लागतो. तो जे म्हणेल ते त्याच्याच शब्दांत, न सुधारता, कागदावर उतरवून पुढच्या व्हिजिटला घेऊन जा, त्या फॉर्मच्या वर पिन करून.